किटली ठेव, येतोच

लुइसपोर्ट, न्यूफाउंडलंड
२ डिसेंबर २०१६

प्रिय ड्रुसिला,

पत्र पाहून कपाळाला आठ्या घालशील. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "बरं, ठेवते" म्हणतेस आणि मला जे सांगायचंय ते दोन वाक्यांत मावणारं नाही. गुडघा कसा आहे? लाकडं फोडून देणारं आता तिथे कोण आहे? की स्वतःच कुऱ्हाड घेऊन उभी राहतेस? असं विचारलं तरी उत्तर मला माहीत आहेच.

आमचं बरं चाललंय असं सगळे म्हणतात. आपल्या सॉल्टर्स कोव्हची सात घरं एकाच इमारतीत आहेत. नळाला गरम पाणी येतं, खिडकीतून गाड्या दिसतात, समुद्र दिसत नाही. व्हर्नाने आल्या आल्या काय करावं? गावी जायची तशी दार न वाजवता समोरच्या घरात शिरली, खुर्ची ओढून बसली आणि चहा झाला का विचारलं. ती माणसं इथलीच, आपल्याला न ओळखणारी. त्यांनी पोलिसांना बोलवायचंच बाकी ठेवलं. आम्ही आठवडाभर हसलो. पण तेव्हापासून ती कुणाकडे जात नाही, आमच्याकडेही नाही.

एकतीस तारखेला शेवटची बोट आहे, मग सरकार गाव बंद करणार. त्यानंतर तिकडे वीज नाही, टपाल नाही, नर्स नाही. हे तुला मी सांगायला नको. मतदानाला हॉलमध्ये तू माझ्या पुढच्याच बाकावर होतीस. गाव सोडावं म्हणणारे एकोणचाळीस, राहावं म्हणणारं एक मत. गुप्त मतदान म्हणे! पाद्रीबाबांनी तुला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "गार्लंड सांगून गेलाय, किटली ठेव, येतोच. तो आला तर घरात माणूस नको?"

दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी तुला वेड्यात काढलं असतं. आपल्यात सगळ्यांनी माना खाली घातल्या. ते वाक्य आता एकट्या तुझं राहिलेलं नाही ना. मासेमारीला जाणारा तेच म्हणतो, इस्पितळात जाणारा तेच म्हणतो, व्हर्नाचा मुलगा कामासाठी अल्बर्टाला गेला तेव्हा तोही तेच म्हणाला. दर ख्रिसमसला पोरं हॉलमध्ये ती गोष्ट करून दाखवतात: एकाहत्तर सालचा नोव्हेंबर, लग्नाला तीन आठवडे उरलेले, गार्लंड तुझ्या अंगठीसाठी होडी घेऊन निघतो, धक्क्यावर माझ्याजवळ निरोप देतो आणि परत येत नाही. तू पहिल्या रांगेत काळा कोट घालून बसतेस. आम्ही गाव सोडलं त्या दिवशी बोट सुटल्यावर सगळे कठड्याला टेकून तुझ्या घराकडे बघत तेच ओरडले आणि ढसाढसा रडले. मीही रडलो. म्हणजे बघ, ज्याने घडवलं तोही.

हो, घडवलं. ड्रुसिला, गार्लंड ते वाक्य बोललाच नव्हता.

तो अंगठी आणायलाही निघाला नव्हता. खाडीच्या तोंडाशी आगबोट थांबायची, ती धरून त्याला टोरांटोला जायचं होतं. धक्क्यावर दोर सोडता सोडता म्हणाला, "ड्रुसिलाला सांग, माझी वाट बघू नको म्हणावं. मला हे गाव जमणार नाही, आणि लग्नही." मी म्हटलं, स्वतः सांग की. तर म्हणाला, "तुझी जीभ चांगली चालते, तूच सांग."

मी निघालो तुझ्याकडे, पण पाय उचलत नव्हता. दुपार अशीच काढली. संध्याकाळी त्याची होडी उलटी सापडली आणि मग सगळं गाव तुमच्या घरात. तुझी आई दारात उभी. तू मला विचारलंस, "माझ्यासाठी काही म्हणाला का?" मेलेल्या माणसाचा असा निरोप मी कसा देणार होतो? चुलीवर किटली होती. मला तेवढंच दिसलं, आणि तेच तोंडाला आलं.

दया आली म्हणून खोटं बोललो, असं मी पंचेचाळीस वर्षं स्वतःला समजावत आलो. तेव्हा खरंच दया आली होती. पण नंतर? नंतर मला ती गोष्ट सांगायला आवडू लागली. गोष्टीत अंगठी मी दुसऱ्या महिन्यात घातली. वादळ तिसऱ्यात. लोक शांत होऊन ऐकायचे आणि तू माझ्याकडे बघायचीस. माझ्याकडे तू तेवढ्याच वेळापुरती बघायचीस.

आता राहिलेलंही लिहून टाकतो. बहात्तरच्या ईस्टरला मी तुझ्याकडे मागणी घालायला आलो होतो. टोपी हातात, केस ओले करून विंचरलेले. तुमच्याकडे व्हर्नाची आई बसली होती. मला बघून म्हणाली, "आला गं गार्लंडचा निरोप्या. सांग रे बाबा, पुन्हा एकदा सांग." आणि मी सांगितलं. त्यानंतर मी तुला विचारू शकलोच नाही. ज्याने निरोप आणला त्यानेच तुला मागायचं, हे गावाने सहन केलं नसतं, आणि गावाला ही शिकवण देणारा मीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी लग्न का केलं नाही असं तू एकदा विचारलं होतंस, तेव्हा मी थट्टेवारी नेलं.

तू तिथे त्या माणसासाठी थांबली नाहीस, ड्रुसिला. माझ्या एका खोट्या वाक्यासाठी थांबली आहेस. जानेवारीत तिथे पडलीस तर कुणाला कळणारही नाही. माझा हवा तेवढा तिरस्कार कर, पण इथे येऊन कर. माझ्या शेजारची खोली रिकामी आहे. शेजार नको असेल तर वरच्या मजल्यावर आहे. एकतीसला मी इथल्या धक्क्यावर उभा असेन.

क्षमा मागायचा हक्क नसलेला,
लिअँडर

•

सॉल्टर्स कोव्ह
१३ डिसेंबर

लिअँडर,

पत्र मिळालं. गुडघा आहे तसाच आहे. लाकडं फोडून झाली, मार्चपर्यंत पुरतील. बेरीचा मुरंबा पाठवते आहे, त्यातली एक बरणी व्हर्नाला दे आणि तिच्याकडे बसून चहा घे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मला बोटीत चढवायला तू ही नवी गोष्ट रचलीस. हॉलमध्ये लोक उठायला लागले की तू शेवट बदलायचास, ते काय मला माहीत नाही? व्हर्नाच्या आजोबांना तू गोष्टीत एका शनिवारी बुडवलंस आणि ती पोर रडायला लागली म्हणून पुढच्या शनिवारी काठाला लावलंस. जित्याची खोड. पण दुसऱ्यांदा वाचताना ईस्टरपाशी थांबले.

त्या दिवशी व्हर्नाची आई उगाच आलेली नव्हती. माझ्या आईने तिला बोलावलं होतं, मागणीला साक्षीदार हवा म्हणून. तू येणार हे आम्हाला तुझ्या बहिणीकडून कळलं होतं. मी हो म्हणणार होते. निळा पोशाख घातला होता, तुला आठवणार नाही. व्हर्नाच्या आईने तुझी भीड चेपावी म्हणून विषय काढला, आणि तू सांगत सुटलास. तासभर. इतकं सुंदर सांगितलंस की मला माझीच लाज वाटली. असा माणूस पाच महिन्यांपूर्वी माझ्यासाठी गेला आणि मी निळा पोशाख घालून बसले आहे? तू उठून गेल्यावर मी आत जाऊन पेटीतला काळा कोट काढून अंगावर चढवला. तोपर्यंत मी तो घालत नव्हते.

आता तू म्हणतोस यातलं काही खरं नव्हतं. असेल. पण मग मी कोण, लिअँडर? एकाने टाकलेली आणि दुसऱ्याने न विचारलेली. या वयात मला ही बाई नको. तू जी बाई मला करून दिलीस तिच्याबरोबर मी आयुष्य काढलंय, तिच्या सगळ्या सवयी मला माहीत आहेत. तिच्याशी माझं जमतं.

मी येणार नाही. धक्क्यावर थंडीत उभा राहू नकोस, तुझी छाती आधीच कमकुवत.

आणि हे पत्र कुणाला दाखवू नकोस. त्या सात घरांकडे आता दुसरं काय उरलंय? यंदा पोरं नाहीत, हॉल नाही. ख्रिसमसला सगळ्यांना तुझ्या खोलीत बोलव आणि तूच सांग. अंगठीसकट, वादळासकट. अडखळू नकोस.

गार्लंडची,
ड्रुसिला