हरणाचे कान

शनिवार, २७ सप्टेंबर, वोल्फ्सबुर्ग

समीरने मारलेल्या पहिल्या हरणाच्या मुंडक्यात पेंढा भरून घ्यायचाय, म्हणून आज एका बाईंकडे गेलो. त्याच्या जर्मन मित्राने सांगितलं होतं, डोळे काय, काचेचेच असतात. कारागीर ओळखायचा तो कानांवरून. बाईंच्या भिंतीवरच्या हरणांचे कान खरंच आत्ता हलतील असे होते.

बाईंनी विचारलं, "कान कसे हवेत? पुढे केले की शांत वाटतं."

"नाही, मागे. मला बघून केले होते तसे. घाबरलेलंच हवंय." हे समीर हसत म्हणाला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "घाबरलेलं जनावर मी करत नाही. दुसरं कोणी बघा."

आणि मग माझ्याकडे का बघत राहिल्या त्या? मी तर एक शब्दही बोलले नव्हते.

येताना गाडीत समीर गप्प. मला घरी सोडून तसाच दुसरा कोणी शोधायला गेला. मिळेल. जेवणाच्या टेबलासमोर लावायचंय म्हणे. म्हणजे रोज जेवताना ते मागे गेलेले कान.

मी उगाच वाढवतेय का? हौस आहे त्याची. आल्झो, असो, पुरे.

खाली त्याची गाडी लागली. ईरा आत मोठ्याने गात होती, ती ओळ अर्धी सोडून थांबली. आमची आठ वर्षांची पोर. हाक मारली तरी ओ देत नाहीये.

आम्ही दोघी ऐकतोय, किल्ली आज कशी फिरतेय.