वर्तमानपत्रात नसलेला तारा

१३ सप्टेंबर १९६५, किहीम

लढाईमुळे ब्लॅकआउट. किनाऱ्यावर एकही दिवा नाही — मुंबईच्या प्रयोगशाळेत असा काळोख फक्त डार्करूममध्ये मिळतो! रजा घेऊन आले ते बरं केलं. संध्याकाळी ढग फाटले आणि तो दिसला. उत्तरेकडून दक्षिणेला, न लुकलुकता, कसलीच घाई नसल्यासारखा. वर्तमानपत्रात उपग्रहांच्या वेळा छापतात. त्यांत हा नाही. कुणीतरी सोडलाय आणि सांगितलेलं नाही. फोटोत त्याची बारीक पांढरी रेघ उमटते. दिवाळीनंतरच्या प्रदर्शनासाठी अशाच रेघा जमवते आहे. समुद्रातल्या खडकांवरून गेलेली एक हवी. ती मिळाली की झालं.

१४ सप्टेंबर

खोलीची मालकीण आवडाबाई. नवरा नाही; होडी मुलगा नामा चालवतो. कॅमेऱ्याचा जड स्टँड तोच वाळूत आणून देतो. आज वर बघत म्हणाला, "कुनाचा हाय त्यो?" ठाऊक नाही, म्हटलं. "येवढा उजेड पाडतो, आन् नाव सांगत न्हाय!" हसला. मी भिंग पुसत राहिले — स्वच्छ होतं तरी.

१५ सप्टेंबर

ढग. झोपेतही रेघा दिसल्या, पाण्यात विरघळणाऱ्या.

१६ सप्टेंबर

चूक केली. नामा होडी पाण्यात ढकलत होता. मी विचारलं, "परत किती वाजता?" शटर उघडं असताना होडी चौकटीत नको होती — एवढंच कारण. आवडाबाईने टोपली आपटली. "समुंदरात चाललेल्याला वेल इचारतात का गो? शिकलीस ती काय उगाच?" इथे निघालेल्याला परतण्याचं विचारत नाहीत. मला माहीत नव्हतं.

नामा होडीत चढून गेला. रोज अंधार पडेपर्यंत येतो. आला नाही.

१७ सप्टेंबर

दिवसभर नाही. तिन्हीसांजेला आवडाबाई पाण्याच्या कडेला उभी. एरवी घरची बाई खडकांमधल्या वाटेसमोर कंदील धरते. त्याच्या रोखाने होडी आत येते. आता कंदील बंद. पोलीस तुळशीराम शत्रूच्या विमानांचं बजावून गेलाय. "माझा कंदील इमानाला दिसतो," ती म्हणाली. "आन् तुझा त्यो वरचा? त्याला इझवायला कोन जातो?"

शटर उघडलं. तो आला — बरोबर खडकांवर, झोपेत चालावं तसा. इतका सुंदर कधीच नव्हता. आणि खालून फडफड. फाटलं शीड! मग हाक. नामाची. खडकांच्या फार जवळून.

मी कंदील पेटवला. भिंगासमोरूनच गेले. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तो डोक्यावर धरला. मागे पोलिसाची शिट्टी वाजत होती. हलले नाही. होडी वळली. आत आली.

"तुमचा फोटू गेला," नामा म्हणाला.

"हो."

कंदील विझवला. वर पाहिलं. तोही गेलेला.

१८ सप्टेंबर

तुळशीराम चौकशीला आला. मुंबईची बाई, कॅमेरा, लढाईत दिवा! "कोन ही? हिचं इथं काय काम?" मी नेमकं उत्तर जुळवत होते. आवडाबाई पुढे झाली. "आमची सून हाय. नवऱ्याला दिवा दाखवला, तुझं काय गेलं रे?"

मी दुरुस्ती केली नाही. नामानेही नाही.