देवीचे तीन रुपये कलदार

वाळवे, ५ डिसेंबर १९४४

तीर्थस्वरूप लालामामांच्या चरणी सुलाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्वजण सुखरूप आहेत, फक्त आई माझ्याशी बोलत नाही. सिकंदराबादची हवा आपल्या पलटणीला मानवत असेल अशी आशा आहे. खोकला कसा आहे? (बिडी सोडा, असे मी मागेच लिहिले होते, उत्तर आले नाही.)

मी बी.ए. झाले तर तुळजापूरच्या देवीला एकवीस रुपये वाहायचे, असा आईचा नवस होता. तो फेडायला ती, आबा आणि मी गेलो. नवसावर माझा विश्वास नाही, हे मी दोघांना सोलापूरपर्यंत समजावून सांगितले. पुढे निजामाची हद्द लागते. तिथे आपल्या रुपयाला कलदार म्हणतात आणि त्यांच्या रुपयाला हाली. नाक्यावरचा सराफ सहा कलदारांना सात हाली देत होता. परराज्यात त्या राज्याचे चलन वापरावे, हा सभ्यतेचा नियम आहे (शिवाय अर्थशास्त्र हा माझा खास विषय). म्हणून आईच्या पुरचुंडीतले अठरा कलदार मोडून मी बरोबर एकवीस हाली घेतले आणि आईने ते देवीपुढे ठेवले. वाचलेल्या तीन कलदारांच्या मी येताना सोलापुरात पाट्या घेतल्या, गावातल्या माझ्या प्रौढ स्त्रियांच्या वर्गासाठी. (वर्गाला एकटी आईच येत असे. आता तीही येत नाही.)

मोटारीत आईने विचारले, पाट्यांना पैसे कुठले? खोटे बोलणे मला जमत नाही, म्हणून मी विनिमयाचा दर सोप्या भाषेत समजावला. आईला तो एकदाच ऐकून समजला.

“म्हंजे देवीला तीन रुपयं कमी घातलंस व्हय गं?”

मी म्हटले, रुपये एकवीसच दिले.

“मी नवस बोलले तवा निजामाचं नाणं धरून बोलले व्हते का? देवीनं तुला पुरी पास केली न्हवं?”

आबा म्हणाले, “आता हिची डिग्री पावणेचौदा आण्याची.” (हिशेब अचूक होता. आबा शाळेत गेलेले नाहीत.) सगळी मोटार हसली.

सांगलीच्या मुलींच्या शाळेत मला एक जानेवारीपासून नोकरी मिळाली आहे. पण आई म्हणते, “उण्या नवसाच्या डिग्रीवर लोकांच्या पोरी शिकवायच्या न्हाईत,” आणि माझ्या ट्रंकेला तिने कुलूप घातले आहे. उरलेले पैसे टपालाने चालत नाहीत, घरच्या माणसाने आपल्या हाताने वाहायचे. गुऱ्हाळ लागल्यामुळे आबा सुटत नाहीत. आणि मी पुन्हा पाट्या घेईन म्हणून मला एकटीला पाठवायला आई तयार नाही.

हे सर्व केवळ माहितीसाठी कळवले. मागणे काही नाही.

आपली आज्ञाधारक भाची,
सुला, बी.ए.

ता.क. नाताळच्या रजेवर येताना वाट वाकडी करून तुळजापूरला उतरावे व देवीला तीन रुपये वाहावेत. कलदारच. आपला पगार कलदारांत होतो, हे मला ठाऊक आहे.

आणखी ता.क. हे आईला कळू देऊ नये. अर्थशास्त्राच्या पेपराच्या आदल्या दिवशी मीही पाच रुपयांचा नवस बोलले होते. तेही तिथेच द्यावेत. मात्र कलदार देऊ नयेत. बोलतानाच मी हाली असे स्पष्ट म्हटले होते.