पिवळ्या ठिपक्याचं कार्ड

बाबा,

रविवारी मी पलंगाखालची पेटी ओढली आणि तुमचे टिनाचे साचे बाहेर काढले. माझी इच्छा नव्हती. तुमच्या लेकीला मुलगी झाली आहे, महिन्याच्या शेवटी नागपूरला बारसं आहे, आणि तिने फोनवर हट्ट धरला. "दादा, कार्डं तूच बनव. बाबाच्या कमळवाल्या साच्यानं. अन् थोडे जास्तीचे बनव, वृद्धाश्रमातबी देऊन टाकू, बाबाच्या नावानं." मी म्हणालो, मोबाइलवर पाठवून दे, आजकाल सगळे तेच करतात. ती म्हणाली, "मोबाइलवर तं भाजीवालाबी शुभेच्छा पाठवून राहिला. नाटक नको करू ना रे." तिला तुम्ही आठवता ते कमळवाले बाबा म्हणून, रंगाने भरलेल्या बोटांचे, सगळ्यांसाठी कार्डं बनवणारे. मला कसे आठवता हे मी तिला कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. तुमच्याकडून उलट उत्तर यायची आता भीती नाही.

तुम्ही स्टील प्लांटमध्ये मार्किंगवाले होता. तयार प्लेटीवर टिनाचा साचा ठेवायचा आणि पांढऱ्या रंगाने नंबर मारायचा, हे तुम्ही सारी नोकरीभर केलं. घरी येऊनही तेच केलं, फक्त प्लेटीच्या जागी कार्डशीट आली. तेलाच्या डब्याचा पत्रा चिरून तुम्ही त्यात छन्नीने कमळ कापलं, दिवा कापला, कलश कापला. जुन्या गादीतल्या फोमचा तुकडा पोस्टर कलरमध्ये बुडवायचा आणि साच्यावर थापायचा. मामाच्या मुलीच्या वाढदिवसाला जे कमळ, तेच आजोबांच्या पंचाहत्तरीला. नावाची जागा कोरी ठेवायची आणि नाव आधी पेन्सिलीने लिहायचं, कारण कार्यक्रम रद्द झाला तर कार्ड दुसऱ्या कोणाच्या कामी यावं. लोक म्हणत, केवढी हौस या माणसाला. हौस कसली? तुम्ही माल काढत होता. जिच्यासाठी कार्ड आहे ती मुलगी काळी की गोरी, हसरी की रडकी, हे तुम्हाला ठाऊक नसायचं. विचारायची गरजही वाटत नसे.

प्लांटच्या टाउनशिपमधल्या, सेक्टर ६ च्या आपल्या क्वार्टरमध्ये कार्डं वाळत घालायला जागा एकच होती, स्वयंपाकघर. ओट्यापासून दारापर्यंत वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर ओली कमळं, आणि आई पातेलं हातात घेऊन एका पायावर उभी. "सैपाक करू का तुमचा प्लांट चालवू मी?" ती विचारायची. तुम्ही वर न बघता म्हणायचा, "दोन्ही चालवा बाईसाहेब, ओव्हरटाइम लावून देतो." ती हसायची. मला तिच्या हसण्याचा राग यायचा. अजून येतो.

माझी ड्यूटी इन्स्पेक्शनची. शाळेतून आलो की दप्तर ठेवून मी तिथे उकिडवा बसायचो. कार्ड उजेडासमोर धर, चारही बाजू स्टीलच्या पट्टीने मोज, रंग ओघळला का बघ, पाकळी तुटली का बघ. जे कार्ड तिरपं, डागाळलेलं किंवा फाटलेल्या कडेचं, त्याच्या मागे खाली उजव्या कोपऱ्यात, कडेपासून एक बोट आत, काडेपेटीच्या काडीने पिवळा ठिपका द्यायचा. प्लांटमध्ये खराब प्लेटीवर पिवळा रंग मारतात, ती पद्धत तुम्ही घरात आणली होती. बिनठिपक्याची कार्डं नातेवाइकांना. ठिपक्याची कार्डं दान. तुम्ही मला शिकवलं होतं की कार्ड हातात आलं की आधी उलटं करायचं, समोरचं चित्र नंतर बघायचं. "समोरचं तं कोनीबी पायते. मागून पाय." ही सवय मला अजून आहे. दुकानात कोणी नोट दिली तरी मी ती आधी उलटी करतो.

मी एकदा विचारलं होतं, "बाबा, चांगले कार्डं आश्रमात कावून नाही देत आपन?" तुम्ही फोम पिळत होता. म्हणालात, "अबे, त्याईले कुठं दिसते? अन् दिसलं तरी बोलन कोन?" हे वाक्य तुम्ही अगदी सहज म्हणालात, जसं कोणी म्हणतं की आज वांगी महाग आहेत. पुढे मी पुष्कळ दुष्ट माणसं पाहिली, पण इतका सहज दुष्टपणा क्वचितच पाहिला.

दिवाळीच्या आधी तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून रुआबांधा वस्तीच्या बाजूच्या त्या वृद्धाश्रमात न्यायचा. मांडीवर ठिपक्याच्या कार्डांचा गठ्ठा. म्हातारी माणसं ओळीने बसलेली, तुम्ही एकेकाला वाकून कार्ड देता आहात, आणि मी मनात मोजतो आहे, याची पाकळी तुटकी, हिची बॉर्डर तिरपी, याच्यावर अंगठ्याचा ठसा. एका आजींनी कार्ड उलटं केलं. साऱ्या ओळीत त्या एकट्यांनीच. कापऱ्या बोटाने ठिपका दाखवून त्यांनी विचारलं, "बेटा, ये पीछे पीला-पीला क्या है?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "टीका है, माताजी. हल्दी का टीका. किसी की नजर न लगे." आजींनी ते कार्ड दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. बाहेर स्कूटरला किक मारताना तुम्ही मला म्हणालात, "पायलं? असं बोलता आलं पायजे मानसाले." मी पाहिलं होतं, बाबा. तुम्हाला वाटलं त्यापेक्षा जास्त पाहिलं होतं.

मग गणपतीत आपल्या मराठी लोकांच्या मंडळाने तुमचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि माइकवर एक गृहस्थ, ज्यांनी आश्रम बाहेरूनही पाहिला नसेल. "स्वतःच्या हातांनी, हृदयातून बनवलेली भेट," असं ते म्हणाले. तुम्ही शाल सावरून मान खाली घातलीत, जशी विनम्र माणसं घालतात. पुढच्या रांगेत मामा टाळ्या वाजवत होते. त्यांच्या घरी तुमची पास झालेली कार्डं काय कामाला येतात, ते मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहिलं होतं. त्यावर चहाचे कप ठेवत. निवडून, मोजून, पट्टी लावून वेगळा काढलेला पहिल्या दर्जाचा माल कपाखाली, आणि खराब माल कपाळाला. मला तेव्हा मामांची घाण वाटली आणि तुमचीही. त्यातल्या त्यात मामा बरे. ते निदान शाल पांघरून बसले नव्हते.

दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही मला मारलं नाही. शेजारी सांगत राहिले की किती शांत बाप आहे. तुम्ही मार्कशीट हातात घेतली, आणि सवयीने आधी उलटी केली. मागे काही नव्हतं. मग सुलटी केली. गणित आणि विज्ञान, दोन्हीत नापास. तुम्ही ती घडी करून मला परत दिलीत आणि स्वयंपाकघरात गेलात. आई रडत होती. मी दाराबाहेर उभा होतो आणि तुम्ही तिला समजावत होता. "रडून काय होते? लॉटमंधी एखादा खराब तं निघतेच."

मी पुन्हा परीक्षेला बसलो नाही. तुम्ही बसवलंही नाही.

त्यानंतरचा माझा वाढदिवस. तुम्हाला जनरल शिफ्ट होती. आई शिरा करते आहे, तुम्ही बूट घालून तयार आहात, आणि बाहेर पडता पडता तुम्ही कपाटावरून एक कार्ड काढून माझ्या हातात देता. कमळ, वाढदिवसाच्या शुभेच्छा, माझं नाव. मी ते समोरून बघण्याआधी उलटं करतो. तुमच्यादेखत. खाली उजव्या कोपऱ्यात, कडेपासून एक बोट आत, पिवळा ठिपका. मी वर पाहिलं तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होता. मला वाटलं आता काहीतरी बोलाल. चूक झाली म्हणाल, गठ्ठा चुकला म्हणाल, निदान टीका आहे म्हणाल. त्या अनोळखी म्हातारीसाठी तुमच्याजवळ एक खोटं तयार होतं. माझ्यासाठी तेवढंही नव्हतं. "टाकी भरून ठेव, पानी लवकर जाते आजकाल," असं म्हणून तुम्ही हेल्मेट घातलंत. हिवाळ्यात तुमच्या छातीत दुखलं आणि संपलात. विचारायचं राहिलं म्हणून मी रडलो होतो. लोकांना वाटलं, बापासाठी रडतो आहे.

आता हे ऐका, कारण हे तुम्हालाही माहीत नसेल. किंवा असेल. त्या कार्डात दोष नाही. इतक्या वर्षांत मी ते पुष्कळदा तपासलं आहे, तुम्ही शिकवलं तसंच. चारही समास सारखे. एकही पाकळी तुटलेली नाही, रंग कुठे ओघळलेला नाही, कडा धारदार. कागदसुद्धा तो जाड, जो तुम्ही साहेब लोकांच्या घरच्या लग्नांसाठी वेगळा ठेवायचा. तुमच्या हातून निघालेलं इतकं चांगलं दुसरं कार्ड मी पाहिलेलं नाही. मग ठिपका कशाचा? कार्ड खराब असतं तर मी समजलो असतो की घाईत जे हाताला लागलं ते उचललंत. कार्ड चांगलं आहे म्हणून तर कळतं की तो ठिपका कार्डाला नव्हता.

रविवारी मी ते पहिल्यांदा आईला दाखवलं. तिने चष्मा लावला, उलटसुलट केलं. "रंगाची बाटली बाजूले असन, उडाला असन."

"उडालेला असा गोल नसतो, आई."

"मंग टीका लावला असन तुले."

"ते खोटं होतं. आश्रमातल्या बाईला फसवायला बाबांनी सांगितलं होतं."

"तुह्या बापाचं अर्धं खोटंच होतं," ती म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली. "तरी जगलोच ना आपन. कार्डच तं होय. कितीक वर्ष चघळशीन?"

मी साचे पेटीत परत टाकले. तुमच्या नातीची कार्डं मी साच्याशिवाय बनवली. मार्केटमध्ये माझं रेडियमच्या चमकत्या स्टिकरचं छोटं दुकान आहे, स्कूटरच्या नंबरप्लेटी करतो. ब्लेडवर माझा हात बसलेला आहे. प्रत्येक कार्डावर वेगळं काही कापलं, ज्याचं त्याला. मामांच्या कार्डावर कप कापला. त्यांना कळणार नाही, ते त्यावर चहा ठेवतील. आश्रमासाठी वेगळा ढीग केलाच नाही. चांगली बनली त्यांतली निम्मी तिकडे, निम्मी इकडे, आणि जी बिघडली ती फाडायला कोपऱ्यात टाकली. दुपारी बघतो तर आई ती एकेक उचलून पदराने पुसते आहे. "फाडतं कावून? आश्रमात देऊन टाकू ना. त्याईले कुठं दिसते?" तुमचं वाक्य, तुमच्याच सुरात. मी तिच्या हातातून कार्डं ओढून घेतली आणि तिच्यासमोर फाडली. ती म्हणाली, "बाप परवडला." मला वाटतं तिला ते खरंच वाटत असावं.

हे पत्र ठेवायला जागा नाही. पेटीत साच्यांजवळ ठेवलं तर बहीण पुढच्या वेळी वाचेल आणि रडेल, आणि तिचे कमळवाले बाबा मला मोडायचे नाहीत. तुमच्याबद्दल इतकीच दया माझ्यात उरली आहे, आणि तीही तिच्यासाठी आहे. दुकानात कापलेल्या रेडियमच्या कचऱ्याबरोबर हेही जाईल.

एकच सांगायचं राहिलं. कार्डं फाडली त्या रात्री आई झोपायला गेली तशी मी माझं ते कार्ड उलटं ठेवलं आणि ब्लेडने ठिपका खरवडला. रेडियम कापताना माझा हात हलत नाही, तेव्हाही हलला नाही. ठिपका निघाला. पण त्याच्याखालचा कागद पातळ झाला. उजेडासमोर धरलं की तिथे फिकट गोल दिसतो. आता या कार्डात दोष आहे, आणि तो माझ्या हातचा आहे. तुम्ही एका नजरेत पकडला असता. पेटीतल्या तुमच्या बाटलीत पिवळा रंग सुकून दगड झाला आहे. काल दुकानातून येताना मी पिवळ्याची नवी बाटली आणली. अजून उघडलेली नाही.