तीस श्वास सकाळी, तीस संध्याकाळी

तांडापेठ, नागपूर
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

प्रिय शामला,

अनेक आशीर्वाद. इकडे थंडी पडली आहे, संत्री आली आहेत, मी बरी आहे. फोन केला की तू आवाज ओळखून ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर निदान वाचून फाड.

तुझा लेक वैभव सीताबर्डीला कामावर जाताना कधीमधी डोकावतो. परवा त्याच्या तोंडून निघून गेलं, की उमरेडच्या घराचा जिना चढताना तू मध्येच बसतेस. त्याच्यावर रागावू नकोस. तू इथे येऊन एकदा हृदय तपासून घ्यावंस, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

मलाही तसंच झालं होतं. गेल्या वर्षी पाय सुजले, उताणं झोपलं की जीव घाबरायचा. दवाखान्यात म्हणाले, हृदय थकलंय, रक्त पुरेसं ढकलत नाही. गोळ्या सुरू झाल्या. मीठ कमी, तर्रीचा रस्सा बंद. झणझणीत खाणाऱ्या कोष्ट्याच्या घरात जन्मून मी दुधीची अळणी भाजी खाते आहे, हस मनसोक्त.

मग पावसाळ्यात डॉक्टर उत्तराबाईंनी विचारलं, एका पाहणीत याल का? औषध नाही, सुई नाही. मुठीएवढं प्लास्टिकचं यंत्र तोंडात धरून जोराने श्वास आत ओढायचा. सकाळी तीस, संध्याकाळी तीस, असे बारा आठवडे. आत स्प्रिंग असते, चावी आवळली की ओढणं जड होतं. श्वासाचे स्नायू बळकट झाले तर थकलेल्या हृदयाला आराम पडतो का, ते बघायचं. अर्ध्या लोकांना कडक यंत्र, अर्ध्यांना नावापुरतं सैल. कोणाला कुठलं ते कम्प्युटर ठरवणार, आणि ते आम्हालाही सांगणार नाहीत, मोजमाप करणाऱ्या उत्तराबाईंनाही नाही.

मी विचारलं, "मॅडम, यानं फरक पडते का?"

"माहीत नाही, मावशी. तेच तर शोधून राहिलो."

शामला, मी बघतच राहिले. एवढी शिकलेली बाई, आणि माहीत नाही म्हणताना जराही लाजली नाही! आपल्या घरात मला सगळंच माहीत असायचं.

त्याच दिवशी त्यांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. पापणीएवढी झडप उघडत होती, मिटत होती. त्रेसष्ट वर्षं मी झोपलेली असो, भांडत असो की मागावर बसलेली असो, तिचं काम चालूच होतं. आणि मी एकदाही तिची विचारपूस केली नव्हती. मला रडूच कोसळलं. उत्तराबाई म्हणाल्या, "मावशी, रडू नका ना, चित्र हलून राहिलं."

घरी आणलं ते यंत्र सैल निघालं. श्वास सुळकन आत जायचा. चावीवर चिकटपट्टी होती, ती काढायची नाही असं दिपालीने, म्हणजे यंत्र वापरायला शिकवणाऱ्या पोरीने, दोनदा बजावलं होतं. पण चाळीस वर्षं माग चालवलेल्या बाईच्या हातात सैल वस्तू टिकते का? ताण्याचे धागे सैल दिसले की आवळायचे, हेच मी शिकले. आठव्या दिवशी पट्टी काढली आणि अर्धा फेरा आवळला. मग दर सोमवारी आणखी थोडा.

बारा आठवड्यांनी व्हरांड्यात सहा मिनिटं चालवून अंतर मोजलं. पहिल्या वेळी दोनशे दहा मीटर झाले होते, तेही दोनदा थांबून. या वेळी तीनशे चार, न थांबता. दिपालीने टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या टाळ्या खोट्याने मिळवल्यासारख्या वाटल्या.

बाकावर माझ्या शेजारी कन्हानचा एक म्हातारा खाणकामगार बसायचा. दोन बस बदलून यायचा, धापा टाकत. त्याला कुठलं यंत्र मिळालं, त्याला माहीत नव्हतं, आणि तरी तो एकही श्वास चुकवत नव्हता. पाहणीत अशी तीनशे माणसं. ज्यांना अजून हा आजार झालेलाही नाही, त्यांच्यासाठी रोज साठ श्वास ओढणारी! देवळातही माझे हात इतक्या मनापासून जुळले नसतील.

मी दिपालीला सगळं सांगितलं.

"काहून केलं असं, मावशी?"

"सैल ताण्यावर कापड होत नाही वं, पोरी."

ती रागावली नाही. तिने वर कळवलं. कम्प्युटरने ज्या गटात मला टाकलं त्याच गटात माझा आकडा राहणार, पण त्याच्यापुढे खरं काय ते लिहिलं जाणार. गप्प बसले असते तर सैल यंत्रानेही माणूस सुधारतो असं दिसलं असतं, म्हणाली. मग मी नेमकी कशाने सुधारले? ते एकट्या माणसावरून सांगता येत नाही, म्हणाली.

आवळण्याचं लिहून बसले, आता पुढचंही लिहायलाच हवं.

बाबा मागावर हात थांबवून म्हणायचे, "अनू, दम लागून राहिला मले." आणि मी म्हणायचे, "नाटकं नोका करू बाबा, लुगडं मंगळवारी द्याचं हाय." ते पुन्हा विणायला धोटा उचलायचे. तू भांडून त्यांना उमरेडला नेलंस, तेव्हा चारच महिने उरले होते. तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुले दम लागन तवा कळन." एकोणीस वर्षं मी तो शाप समजून तुझ्यावर राग धरला. तो शाप नव्हता गं. तुला बाबांचा त्रास दिसत होता आणि मला लुगडं दिसत होतं. मी चुकले, शामला.

उत्तराबाई सांगतात, हा आजार काही घरांत रक्तातून येतो, सख्ख्या बहीणभावांनी तपासून घ्यावं. वेळेत कळलं तर पुष्कळ करता येतं. पुढच्या मंगळवारी, सतरा तारखेला, वैभव सुट्टी काढायला तयार आहे. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, मी दुसऱ्या बाकावर बसेन. पण डॉक्टरांना काही कमी करून सांगू नकोस. दम लागतो म्हटलंस, की तिथे विश्वास ठेवतात.

आता मीही ठेवते.

बाबांवर विश्वास न ठेवलेली,
तुझी मोठी बहीण
अनुसया