रेड्याची शिंगं मी उसवली

प्रिय समीक्षा,

त्या सकाळी मी खळं झाडून घेतलं होतं, पाण्याचे दोन हंडे भरले होते, आणि पेज उतू जाईल म्हणून झाकण तिरकं करत होते. खळ्यात बांगडे वाळत टाकले होते. कावळ्यांना हाकलायला बाहेर आले तर तू मनस्वीला कडेवर घेऊन उभी. उजव्या हातात बांगड्या, डावा हात मोकळा. मनगट एवढं सुजलेलं की बांगड्या कापून काढाव्या लागल्या असणार, हे मला बघताक्षणी कळलं. मी विचारलं काय? "पहिल्या गाडीने आलीस का, पेज घेतेस?"

तू बोलत नाहीस. जबड्याला तारा आहेत, बोलता येणारच नाही, ते मला समजतं. पण परवापासून तू भिंतीकडे तोंड केलंयस. मी स्टुलावर बसले की डोळे मिटतेस. म्हणून हे वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. सिस्टर तुझ्या उशाशी ठेवते म्हणाल्या. मनस्वीची काळजी करू नकोस, ती तुमच्या शेजारच्या दीपालीकडे आहे. वरणभात खाते. काल मला फोनवर म्हणाली, "आजी, आईचा दात किडला काय?" मी हो म्हटलं.

तुझ्या लग्नात दिलेली देवी मला सारखी आठवते. चौथीपर्यंत शिकलेली मी. तुझे बाबा गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठायचं, तेव्हा वाचनालयातून पुस्तकं आणायला लागले. बोट ठेवून वाचायचे. त्यातच महिषासुराची सगळी कथा वाचली. तोवर मला वाटायचं, देवी शस्त्रं घेऊनच जन्मली. तसं नाही गो. शंकराने आपल्या त्रिशुळातून त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, वाऱ्याने धनुष्य, हिमालयाने सिंह. प्रत्येकाने आपल्याकडचं काढून दिलं, मग ती गेली. मला ते फार आवडलं. तुझं लग्न ठरल्यावर मी कापडाची देवी करायला घेतली, भिंतीवर टांगायची, चांगली दोन हात उंच. त्रिशूळ माझ्या शालूच्या जरीचा. चक्राला पितळी बटण. रेडा बाबांच्या जुन्या छत्रीच्या कापडाचा. त्याची शिंगं भरताना सुई तीनदा मोडली. तू हसायचीस, "आई, रेड्याचेच लाड जास्त चाललेत."

मग तुझ्या सासूबाई बैठकीला आल्या. देवी बघून म्हणाल्या, "हात छान आहे हो विहीणबाई, पण नव्या घरात असली हाणामारी कशाला? उग्र देवी भिंतीवर ठेवू नये म्हणतात. जरा सौम्य करा की." नवरदेव संदेश बाजूला बसून मान डोलवत होता. मी वाद घातला नाही. मुलीच्या लग्नात आठ हातांवरून कुठे भांडायचं? रात्री त्रिशूळ उसवला, चक्र उसवलं, आठही हातांत कमळं दिली. रेड्याचं काय करायचं कळेना. तो काढला तर देवीचा पाय अधांतरी राहत होता. मग नुसती शिंगं आणि डोळे उसवले, कडेने हिरव्या दोऱ्याने थोडं गवत भरलं, आणि त्याचा कातळ केला. देवी कातळावर उभी. सगळ्यांनी वाहवा केली. तू तेवढी म्हणालीस, "आई, पण रेडा आहे तिथेच आहे." मी म्हटलं, "दिसतो का कुणाला? मग झालं तर!"

समीक्षा, हे मी कशी बोलले असेन? आता बाकावर बसलं की तेच कानात येतं.

तू दारात आलीस त्या सकाळीही मी तेच केलं. शेजारची गंगुबाई कुंपणावरून म्हणाली, "काय गो माहेरवाशिणी, हाताला काय करून घेतलंस?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, न्हाणीत घसरली. गंगुबाई कसली ऐकते! म्हणाली, "न्हाणी काय बोटांचे वळ उठवते?" मी तुला आत ओढलं आणि तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिचा राग आला होता मला. तुझ्या नवऱ्याचा यायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी संदेश पेढे घेऊन आला. माझ्या पाया पडला. तू स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "आई, आठ दिवस राहू दे मला, पुढचं मी बघते." आणि मी म्हटलं, मनस्वीची बालवाडी बुडते. चार वर्षांच्या पोरीची बालवाडी! दुसरं काही सुचलं नाही मला. तुझी पिशवी मी भरली. वर सुके बांगडे घातले, संदेशला आवडतात म्हणून. गाडी वळेपर्यंत तू मागे बघत होतीस.

मग तुझा फोन लागेना. लागला की संदेश उचलायचा, झोपलीय म्हणायचा. एकोणीस दिवस तू झोपलेलीच होतीस. मी रोज विचारायचे आणि रोज बरं म्हणून ठेवायचे. तुझ्या घरी अलोऱ्याला यायला मला दोन गाड्या बदलायच्या होत्या, बाकी काही नाही. विसाव्या दिवशी दीपालीचा फोन आला, "काकी, असाल तशा निघा, तिला चिपळूणला इस्पितळात नेलंय."

आता खरं ते लिहिते. तू तोंड का फिरवलंस ते मला माहीत आहे. परवा पोलीस ठाण्यातल्या बाई आल्या होत्या. संदेश थर्मास घेऊन उभा होता, जिन्यावरून पडली म्हणत होता. त्यांनी मला विचारलं, याआधी असं काही झालं होतं का? मी म्हटलं, "मी रत्नागिरीत असते, मला काही माहीत नाही." वॉर्डाचं दार उघडं होतं. मी वळून पाहिलं तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस, आणि मग तू कूस बदललीस. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तू मला पुन्हा आई म्हण असंही म्हणणार नाही. पण त्या बाई आता तुझ्याकडे येतील, तेव्हा तू एकटी नाहीस एवढं तुला आधीच कळावं म्हणून लिहिते. काल सकाळी मी ठाण्यात गेले, तुझं मनगट कसं होतं ते सांगितलं, आणि मीच तुला परत पाठवलं हेही लिहून देऊन सही केली.

तुझीच,
आई