बबनची थकबाकी आणि माझी

आये,

लिहायला बसलो त्याला कारण आहे. आज पौडला जाऊन बबनचा इन्कम टॅक्सचा रिटर्न भरून आलो. हसू नकोस. ज्याला तू पन्नाशीतही हातानं आंघोळ घातलीस, ज्याच्या सदऱ्याची बटणं अजून वरखाली लागतात, तो तुझा धाकटा आता सरकारला उत्पन्न दाखवतो. तुमच्या-आमच्या पिढीत पहिलाच. आबा मैलकुली होते, सरकारी रस्त्यावर जन्मभर खडी पसरली त्यांनी, पण हा मान त्यांना मिळाला नाही. मला तर नाहीच. मला पहिलं असं कधी काय मिळालंय?

बघ, चार ओळी झाल्या नाहीत तोवर आलो मी माझ्या मूळ पदावर.

आधी बातमी ऐक. आबांमागं त्यांची पेन्शन तुला आली. तुझ्यामागं ती बबनची. ज्या लेकराला स्वतःचं पोट भरता येत नाही त्याला ती मरेपर्यंत मिळते, असा नियम. तू जिवंतपणीच त्याला डॉक्टरांपुढं उभा करून दाखला काढून ठेवलास, नाव घातलंस. पण तू गेल्यावर ते प्रकरण या टेबलावरून त्या टेबलावर असं फिरलं की माझ्या वहाणांचे दोन जोड झिजले. आता यंदा मंजूर झालं आणि तू गेल्यापासूनची सगळी वर्षं एकदम त्याच्या खात्यावर येऊन पडली. सही माझी, कारण पालक मी. पैसा त्याचा. राबायला मी आणि खायला तो, हे काही नवीन नाही म्हणा.

पैसे बघून आनंद झाला, आणि लगेच धास्ती, आता यावर कर बसणार. आमचा संजय हिंजवडीवरून शनिवारी आला तो म्हणाला, "आण्णा, दाखवूच नका. बबनकाकाला कोण विचारतंय?"

म्हटलं, "लेका, पैसं बँकेतनं आल्यात, कुणाच्या परड्यातनं उचललं न्हाईत."

मी सत्तरी ओलांडली. उद्या मी नसलो की ही पेन्शनच बबनची आई आणि तीच त्याचा भाऊ. कागदात खोट राहिली आणि त्यापायी ती कुणी अडवून धरली, तर त्याच्या ताटात कोण वाढणार? संजयची बायको चांगली आहे, पण चांगुलपणावर किती वर्षं काढायची माणसानं? आणि सगळी रक्कम यंदाची म्हणून दाखवावी, तर त्यातला मोठा तुकडा करात जातो. दाखवावं तर कर खातो, लपवावं तर झोप खाते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "दत्तू बघंल." दत्तूनं बघायचं आणि बबननं खिडकीत बसायचं, अशी आपल्या घरची वाटणी.

ती खिडकी मी विसरलेलो नाही, आये. पेन्शनच्या दिवशी तू इरकली नेसायचीस, बबनच्या डोक्याला तेल चोपडायचीस आणि कोळवणवरून सकाळच्या एसटीनं दोघं पौडला. तो खिडकीत, तू मधे, मांडीवर पिशवी. मी भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभा राहून गाडी जाताना बघायचो. तो खिडकीतून हात करायचा. मी करायचो नाही. संध्याकाळी त्याच्या ओठाला तेल आणि सदऱ्याला भज्यांचा वास. मला एकदा तरी म्हणालीस का, "दत्तू, तू बी चल"? बायको-पोरं झाली तरी तो वास आला की माझ्या पोटात दुखायचं. बाहेरच्याला सांगायची सोय नाही. चाळीस वर्षांचा बाप्या भज्यांवरून जळतो म्हटलं तर लोक शेण घालतील तोंडात.

आणि खळ्यावर? तू पायली घेऊन बसायचीस. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ बबनच्या टोपलीत. मग दोन, तीन, चार घराला. भात मी लावलं, मी कापलं, मी झोडलं, आणि लाभ त्याचा. जन्मभर मी आपला "दोन".

असो. पौडात एका मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत अश्विनी नावाची लातूरकडची पोरगी टॅक्सची कामं करते. बबनला घेऊन तिच्याकडं गेलो. जाताना खिडकी अर्थातच त्याला. मधे मी, मांडीवर पिशवी.

मी चौथी पास, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावरून वाचलेलं. पण पोरीनं नीट उलगडून सांगितलं. "काका, रक्कम सगळी यंदाच्याच रिटर्नमध्ये दाखवायची, कारण ती यंदा मिळाली. पण ती कुठल्या कुठल्या वर्षाची आहे, हे आधी एका वेगळ्या फॉर्मवर मांडायचं. ज्या त्या वर्षी वेळेत मिळाली असती तर जेवढा कर बसला असता, तेवढ्यावरच भागतं. पण फॉर्म आधी, रिटर्न नंतर. उलटं केलं की सवलत गेली."

म्हटलं, "म्हंजी बाई, इतक्या सुगींचं भात एकाच दिवशी एका खळ्यावर आलं, तर बघणाराला वाटणार सावकार हाय. एकेक सुगी येगळी केली, तर पोटापुरतंच."

"तेच," ती म्हणाली. "सुगीवार मांडूया. वर्ष एक..."

"एक न्हाई," बबन खुर्चीतून ताठ झाला. "लाभ म्हन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "त्याला तशी सवय हाय, मनावर घेऊ नगा." पण ती शेतकऱ्याची लेक निघाली. "आमच्या गावाकडंपण लाभच म्हणायचे की," म्हणाली, आणि मोठ्यानं मांडायला लागली, लाभ, दोन, तीन. बबन माझ्याकडं असा बघत होता, जसा काय पौडची निवडणूक मारून आलाय.

"काका, पहिल्या वर्षात कधीपासून धरायचं?"

"एप्रिलपासनं."

तिनं मंजुरीचा कागद बघितला. "आजी कधी गेल्या?"

"श्रावणात."

"मग एप्रिल ते श्रावण आजींचं. यांचं त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"अवो, ते बी बबनचंच. म्हातारीची पेन्शन पयल्यापासनं बबनचीच व्हती."

"असं कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं, आये? कुणीच सांगितलं नव्हतं. मीच मनातल्या मनात तुझा पैन्‌पै त्याच्या नावावर चढवला होता. दर पावसाळ्यात ओसरीवर युरियाच्या गोण्या येऊन पडायच्या, संजयच्या होस्टेलचं बिनबोभाट भागायचं, ते कुठून यायचं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला जळायला काय उरलं असतं?

काम झालं. जो कर येईल म्हणून मी धास्तावलो होतो, तो आला नाही. बबनचे पैसे बबनला राहिले, आणि काही लपवलंही नाही. पण तू मला एवढ्यावर सोडशील तर ना.

स्टँडवर बबन हटून बसला. "भजी." एक प्लेट घेतली. त्यानं निम्मी खाल्ली. उरलेली कागदात गुंडाळली, नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"कुणाला रं?"

"दादाला."

"आरं, मीच दादा हाय की. हितं तुझ्याम्होरं बसलोय."

"आत्ता न्हाई. घरी. दादाला."

म्हटलं, बरं. गाडीत बसलो. खिडकीत तो. नदीचा पूल आला, तसा त्यानं खिशातून पुडी काढली आणि शांतपणे खायला लागला.

"बबन्या, ती दादाला व्हती नव्हं?"

"पुलावर भूक लागती."

"दर खेपेला?"

"दर खेपेला."

"आन आये काय म्हनायची?"

त्यानं हात सदऱ्याला पुसले. "आये म्हनायची, खा. पर दादाला सांगू नगं. जळंल."

आये, गाडीत माणसं होती म्हणून, नाहीतर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही. हसलो असतो की रडलो असतो, कुणास ठाऊक. म्हणजे दर महिन्याला तू माझा वाटा काढत होतीस. आणि दर महिन्याला तो पुलावर संपत होता. आणि मी जळतो, हे तुला पहिल्यापासून माहीत होतं? मग एक प्लेट जास्त घ्यायला काय झालं होतं गं तुला?

खरं सांगू, अजून जळतंय. बरं वाटतंय आणि जळतंयही. पण आता पोरीनं शिकवलेला हिशोब डोक्यात बसलाय. उशिरा हाती आलेलं ज्या त्या सालाचं धरायचं. म्हणून घरी आल्यापासून ओसरीवर बसून मांडतोय. खाचरात बांध फुटला त्या पावसाळ्यातली निम्मी भजी. संजय झाला त्या महिन्यातली. आबा गेल्यावर तू बबनला घेऊन पहिल्यांदा पौडला गेलीस, त्या खेपेची. ज्या त्या वेळी तू ती काढून ठेवली होतीस. हाती आली नाहीत, म्हणून माझी नव्हती असं कसं म्हणू?

तर आता माझा शब्द. माझे पाय चालतात तोवर पेन्शनच्या दिवशी बबनला मीच पौडला नेईन. खिडकी त्याची. लाभ त्याचा, खळ्यावरही आणि घरातही. त्याच्या पैशाला दुसऱ्याचा हात लागू देणार नाही, आणि संजयकडून तसं वदवूनही घेईन. फक्त माझी निम्मी भजी मी स्टँडवरच, त्याच्या हातून घेऊन, गाडीची घंटी वाजायच्या आत खाणार. पूल यायची वाट बघणार नाही. तेवढं तू खपवून घे.

बबन दारातून विचारतोय, "कुनाला लिवतोयस?"

सांगत नाही. जळंल.

तुझा थोरला,
दत्तू